घर बदललं आणि लँडलाइनच्या बिलात 'रीकनेक्शन' आलं? हरकत कशी घ्यायची

नव्या घरी लँडलाइन सुरू होते, पहिलं बिल येतं आणि त्यात शिफ्टिंगच्या रकमेखाली 'रीकनेक्शन चार्ज' अशी आणखी एक ओळ असते. वर 18 टक्के जीएसटी. रक्कम फार मोठी नसते म्हणून बरेच जण निमूट भरतात. जे हरकत घेतात त्यांचीही तक्रार पुष्कळदा फेटाळली जाते. आकार चुकीचा लागलेला असतो, पण ते दाखवणारा कागद हातात नसतो. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा त्या कागदाला दिली आहे.

आकार खरंच चुकीचा आहे का?

चालू लाइन एका घरातून दुसऱ्या घरी नेणं म्हणजे शिफ्टिंग. तोडलेली लाइन पुन्हा जोडणं म्हणजे रीकनेक्शन, आणि लाइन तोडलेली असते ती बहुतेक वेळा बिल थकल्यामुळे. लाइन चालू होती, थकबाकी नव्हती आणि तुम्ही फक्त पत्ता बदलायला सांगितलं, तर रीकनेक्शनचा प्रश्नच येत नाही. सगळा वाद दोन तारखांवर ठरतो: शिफ्टिंगचा अर्ज कधी दिला आणि लाइन कधी तुटली.

घोळ कसा होतो ते पाहा. फोंड्याहून म्हापशाला राहायला गेलेलं एक कुटुंब. शिफ्टिंगचा अर्ज दिला, पण नव्या जागी केबल पोचत नाही म्हणून तो पडून राहिला. दरम्यान बिल जुन्याच पत्त्यावर गेलं आणि नव्या भाडेकरूने ते खिडकीत ठेवून दिलं. मुदत टळली, आधी आउटगोइंग बंद झालं, मग लाइनच तुटली. पुढे केबल आली तेव्हा संगणकात लाइन 'तोडलेली' दिसत होती, त्यामुळे नवी जोडणी आपोआप रीकनेक्शन म्हणून नोंदली गेली. अर्ज कोणाच्या टेबलावर किती दिवस पडून होता, हे बिलात कुठेच दिसत नाही. भुर्दंड मात्र ग्राहकाला.

अर्ज देण्याच्या आधीपासूनच बिल थकलेलं असेल, तर आकार रास्त आहे. त्यासाठी हेलपाटे घालू नका. अर्ज आधी दिला आणि बिलंही भरलेली असतील, तर तुमची बाजू भक्कम आहे. अर्ज आधी, पण बिल जुन्या पत्त्यावर गेल्यामुळे राहिलं, असं असेल तर 'नवा पत्ता मी अर्जात दिलेला होता' हा मुद्दा धरून आकार माफ करण्याची मागणी करा. तो मान्य होईलच असं नाही, पण मुद्दा खरा आहे.

कोणाकडेच नसलेला कागद

तो म्हणजे शिफ्टिंगच्या अर्जाची पोच. काउंटरवर अर्ज घेतात, "होईल, तुम्ही चला" म्हणतात आणि माणूस घरी येतो. कृपा करून असं करू नका. अर्जाची झेरॉक्स सोबत न्या आणि तिच्यावर शिक्का, सही आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. मागायला संकोच वाटतो, विशेषतः वयस्क मंडळींना, पण तो तुमचा हक्क आहे.

पोच घेतली नसेल तरी हताश होऊ नका. नोंदणीकृत मोबाइलवरचे जुने एसएमएस चाळा, अर्जाचा नंबर बऱ्याचदा तिथे सापडतो. शिफ्टिंगची डिमांड नोट (म्हणजे पैसे भरा असं सांगणारा कंपनीचा कागद) किंवा पैसे भरल्याची पावती असेल तर तिच्यावरची तारीखही चालते. काहीच नसेल आणि फोन बीएसएनएलचा असेल, तर माहिती अधिकाराचा मार्ग उरतो. बीएसएनएल सार्वजनिक प्राधिकरण असल्यामुळे 2005चा कायदा तिला लागू आहे. शुल्क 10 रुपये, अर्ज ऑनलाइनही करता येतो आणि उत्तर 30 दिवसांत मिळायला हवं. नेमकं एवढंच मागा: या क्रमांकाचा शिफ्टिंगचा अर्ज कोणत्या तारखेला नोंदला, लाइन कोणत्या तारखेला व कोणत्या कारणाने तोडली, पुन्हा कधी जोडली. 'का' आणि 'कोणाच्या चुकीमुळे' असे प्रश्न विचारू नका, ते टाळायला सोपे असतात. खासगी कंपनीकडे हा मार्ग चालत नाही.

दुसरी अडचण पत्त्याच्या पुराव्याची. गोव्यात भाड्याच्या घराचं वीज बिल पुष्कळदा घरमालकाच्या दिवंगत आजोबांच्या नावावर असतं, कारण इस्टेटीची इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधली कायदेशीर वाटणी, झालेलीच नसते. ते बिल एकटं दिलं की अर्ज परत येतो आणि तुमची तारीख पुढे सरकते. भाडेकरार, घरमालकाचं ना हरकत पत्र आणि पंचायतीची किंवा पालिकेची घरपट्टीची पावती असे तिन्ही कागद एकदम जोडा. सगळ्यांवर घर क्रमांक आणि वाड्याचं (वस्तीचं) नाव अक्षरशः सारखं हवं. एका कागदावर '114' आणि दुसऱ्यावर '114/3' असेल तर तेवढ्यावरूनही अर्ज अडतो.

केबल ओढायला आलेल्या माणसाने रोख पैसे मागितले तर पावती मागा. पावतीविना दिलेल्या पैशांवर पुढे कोणतीही हरकत टिकत नाही.

तक्रार नोंदवताना

ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, तक्रार निवारणाचे नियम 2012चे आहेत. त्यानुसार तक्रार केल्यावर डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक, मिळालाच पाहिजे. फोनवर बोलणारे तुमचं म्हणणं 'सर्व्हिस रिक्वेस्ट' म्हणून नोंदवतात आणि तिथेच गाडी अडते, कारण अपील तक्रारीवर होतं, रिक्वेस्टवर नाही. म्हणून "ही बिलिंगची तक्रार आहे, डॉकेट नंबर द्या" असं स्पष्ट सांगा. लेखी तक्रारीत रामायण नको. एवढं पुरतं: 'अमुक तारखेला शिफ्टिंगचा अर्ज दिला, पोच जोडली आहे. त्या तारखेला थकबाकी नव्हती, पावती जोडली आहे. अमुक बिलातील रीकनेक्शन चार्ज व त्यावरील जीएसटी रद्द करून रक्कम जमा करावी.'

तक्रार चालू आहे म्हणून बिल भरायचं थांबवू नका. लाइन पुन्हा तुटली तर दुसरं रीकनेक्शन लागेल, आणि ते मात्र रास्त ठरेल. वादातली रक्कम वगळून उरलेली भरता येते का ते विचारा. नसेल तर पूर्ण भरा आणि 'हरकत कायम ठेवून भरत आहे' असा ईमेल त्याच दिवशी पाठवा.

मुदत इथे चुकते

बिलाच्या तक्रारीचा निकाल लागायला चार ते सहा आठवडे जातात. निकाल पटला नाही किंवा मुदतीत आलाच नाही, तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे 30 दिवसांत जायचं. लोक हे 30 दिवस बिलाच्या तारखेपासून मोजतात आणि वेळ गेली म्हणून सोडून देतात. ते मोजायचे निकाल कळल्यापासून, आणि निकाल आलाच नसेल तर त्याची मुदत संपल्यापासून. उलटी चूकही होते: 'तक्रार निकाली काढली' असा एसएमएस येतो, तो जाहिरात समजून पुसला जातो आणि मुदत मुकाट्याने संपते. त्या दिवसांत प्रत्येक एसएमएस वाचा.

अपिलाला शुल्क नाही आणि निर्णय 39 दिवसांत व्हायला हवा. दूरसंचारात गोवा महाराष्ट्र सर्कलमध्ये (सेवाक्षेत्रात) येतो, त्यामुळे अपिलाचा पत्ता गोव्याबाहेरचा दिसला तर गोंधळू नका. ऑनलाइन किंवा ईमेलने पाठवा.

ट्रायकडे पत्र लिहून उपयोग नाही, ती वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही. अपिलानंतरही दाद लागली नाही तर दूरसंचार विभागाचा 1063 हा क्रमांक किंवा केंद्राचं तक्रार पोर्टल आहे. ग्राहक हेल्पलाइन 1915. शेवटी जिल्हा ग्राहक आयोग: उत्तर गोव्याचा पर्वरीला, दक्षिणेचा मडगावला. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात अर्ज करता येतो, मुदत दोन वर्षांची, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. 'टेलिफोनची प्रकरणं इथे चालत नाहीत' असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. तसा 2009चा एक निकाल होता खरा, पण अशी प्रकरणं ग्राहक आयोगात चालतात हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये स्पष्ट केलं आहे.

तक्रार मान्य झाली तर आठवडाभरात रक्कम खात्यात जमा व्हायला हवी. पुढचं बिल आलं की आकारासोबत त्यावरचा जीएसटीही परत आला आहे का ते तपासा. नुसता मूळ आकार जमा झाला असेल तर जुना डॉकेट नंबर सांगून उरलेले पैसे मागा.