डीव्हीडी चालतीय तोवरच कॉपी काढून ठेवा

मामाच्या लग्नाची डीव्हीडी कॉम्प्युटरवर कॉपी करताना ६३ टक्क्यांवर येऊन अडकली. ड्राइव्ह थोडा वेळ घर्र करून जोरात फिरायचा, मग मंद व्हायचा, परत वेग घ्यायचा, आणि स्क्रीनवरचा आकडा काही केल्या हलायचा नाही. मामा शेजारी खुर्चीवर बसून बघत होता. "अरे, परवाच टीव्हीला लावलेली की, पहिल्यापासनं शेवटपर्यंत चालली, मग आत्ताच काय झालं तिला?"

प्रश्न एकदम बरोबर आहे आणि घरात जुन्या सीड्या असणारा प्रत्येक माणूस हाच विचारतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मामाचं घर शुक्रवार पेठेत. ऑगस्ट २०१९ चा महापूर कोल्हापुरात कुणी विसरलेलं नाही, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट धरतात आणि त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. पलंगाखाली पत्र्याची पेटी होती, त्यात लग्नाच्या, बारशाच्या डीव्हीड्या आणि मामानं हौसेनं जमवलेले मराठी सिनेमे, सगळंच पाण्यात. पाणी ओसरल्यावर मामीनं एकेक डिस्क काढून फडक्यानं पुसली, जशी आपण ताटं पुसतो तशी गोल गोल. तिनं जीव लावून केलं आणि तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं की नुकसान पुराच्या पाण्यानं कमी आणि त्या पुसण्यानं जास्त होणार आहे.

डिस्कचं प्लास्टिक म्हणजे पॉलीकार्बोनेट, चार-सहा दिवस पाण्यात राहिलं तरी त्याला फारसं काही होत नाही. पण गाळात बारीक वाळू असते आणि वाळू या प्लास्टिकपेक्षा कितीतरी कडक, ती फडक्यात अडकली की पॉलिश पेपरच होतो. पुरात भिजलेली डिस्क आधी स्वच्छ पाण्यात नुसती बुडवून हलवायची, गाळ आपोआप सुटू द्यायचा, घासायचं नाही, आणि मग मऊ कापडानं मधल्या भोकापासनं सरळ बाहेरच्या कडेकडं पुसायचं. गोल नाही, सरळ. का ते पुढं येतंय.

डीव्हीडीवर माहिती एकाच लांबलचक चक्राकार रेषेत लिहिलेली असते, आतनं सुरू होऊन बाहेर जाणारी. दोन वेढ्यांमधलं अंतर ०.७४ मायक्रॉन. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड धरला तर एका केसाच्या रुंदीत नव्वदेक वेढे बसतात. ही रेषा सरळ ताणली तर १२ किलोमीटरच्या आसपास भरेल, म्हणजे इथनं पन्हाळ्याच्या निम्म्या वाटेच्या पुढं, आणि तेवढं सगळं तळहाताएवढ्या चकतीवर. विकतच्या सिनेमाच्या डिस्कमध्ये या रेषेवर बारीक खड्डे ठोकलेले असतात, ६५० नॅनोमीटरचा लाल लेझर त्यावर पडतो, परत येणारा उजेड कमी-जास्त होतो आणि त्यातनं शून्य-एक वाचले जातात. लग्नाच्या डिस्कमध्ये खड्डे नसतात, तिथं रंगद्रव्याचा एक थर असतो आणि स्टुडिओवाल्याचा रायटर लेझरनं तो थर जागोजागी भाजून खुणा करतो. हे रंगद्रव्य सेंद्रिय असल्यामुळं ऊन, उष्णता आणि दमट हवा यांनी हळूहळू बिघडतं. म्हणून घरात बनलेली किंवा स्टुडिओतनं आलेली डिस्क कंपनीच्या छापील डिस्कपेक्षा आधी जाते, आणि दुर्दैवानं जिची दुसरी प्रत बाजारात कुठंच मिळणार नाही ती हीच.

आता मामाच्या प्रश्नाचं उत्तर. एवढ्या बारीक खुणा, वर धूळ, बोटांचे ठसे, ओरखडे, वाचताना चुका होणारच, अगदी नव्या कोऱ्या डिस्कवरसुद्धा होतात. तरी सिनेमा स्वच्छ दिसतो कारण चुका दुरुस्त करायची सोय डिस्कवरच लिहिलेली असते. गूळ मार्केटमधल्या अडत्याची खतावणी डोळ्यापुढं आणा, आडव्या ओळीची बेरीज शेवटी आणि उभ्या रकान्याची बेरीज खाली. मधला एक आकडा शाई सांडून पुसला गेला तरी आडव्या बेरजेतनं तो काढता येतो, आणि अख्खी ओळ गेली तरी उभ्या बेरजा आहेतच. डीव्हीडीत जवळपास हेच करतात, फक्त साध्या बेरजेऐवजी जास्त ताकदीचं गणित असतं, १९६० साली आयर्विंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन या दोघांनी मांडलेलं, म्हणून त्याला रीड-सॉलोमन कोड म्हणतात. माहितीचा एक ठोकळा म्हणजे १९२ ओळी आणि १७२ रकाने. त्याला वर १६ जादा ओळी आणि १० जादा रकाने जोडलेले. थोडक्यात ३३ हजार २४ बाइटांच्या मालाला ४ हजार ८३२ बाइटांचं राखण.

या राखणीच्या जोरावर त्या रेषेच्या लांबीवर साधारण ६ मिलिमीटरपर्यंतचा सलग खराब भाग पूर्णपणे भरून काढता येतो, आणि भरून काढतो म्हणजे अंदाजे नाही, बाइट न् बाइट मूळ होता तसाच. ओरखडा मधनं बाहेर सरळ गेला असेल तर तो प्रत्येक वेढ्याला फक्त जरासा कापतो, गणित ते आरामात पेलतं. पण ओरखडा गोल असेल तर तो रेषेच्या बरोबरच पळतो, सहाच्या जागी वीस-तीस मिलिमीटर सलग खाऊन टाकतो आणि तिथं सगळ्या बेरजा एकदम कोलमडतात. मामीच्या फडक्यानं नेमकं हेच झालेलं.

आणि यातली सगळ्यात घातक गोष्ट म्हणजे ही राखण गुपचूप काम करते. डिस्क निम्मी खराब झाली तरी टीव्हीवर चित्र पहिल्या दिवसासारखंच, मग आणखी थोडा बिघाड वाढला की सीमा ओलांडली जाते आणि एकदम चौकोन दिसायला लागतात, अडकते, बंद पडते. जुनी कॅसेट कशी हळूहळू मुंग्या दाखवत जायची, आपल्याला इशारा मिळायचा, इथं तसं काही नाही. आतल्या चुका मोजणारी सॉफ्टवेअर मिळतात, सगळ्या ड्राइव्हवर ती चालत नाहीत, पण चालली तर बघण्यासारखं असतं. अशा ८ ठोकळ्यांमागं दुरुस्त होणाऱ्या चुका २८० च्या आत असाव्यात असा डीव्हीडीचा निकष आहे. मामाच्या दुसऱ्या एका डिस्कवर हा आकडा हजाराच्या वर चाललेला आणि ती टीव्हीवर मस्त चालत होती! त्या दिवसापासनं "चालतंय की" या शब्दावरनं माझा विश्वास उडाला.

शिवाय प्लेअरचं काम वेगळं आणि कॉपीचं वेगळं. प्लेअरला फक्त चित्र पुढं न्यायचं असतं, एखादा तुकडा वाचता आला नाही तर तो सोडून देतो आणि आपल्याला अर्धा क्षण झटका बसल्यासारखं होतं, गप्पांच्या नादात कळतही नाही. नेहमीच्या पद्धतीनं फाइल कॉपी-पेस्ट करताना मात्र कॉम्प्युटरला प्रत्येक बाइट पाहिजे असतो, एक सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा ठरावीक मापाचा छोटा तुकडा, वाचता आला नाही की तो सगळंच थांबवतो. व्हीसीडीच्या, म्हणजे साध्या सीडीवर सिनेमा यायचा त्या जमान्यात 'सायक्लिक रिडंडन्सी चेक' असं लिहिलेली, वाचताना चूक झाली असं सांगणारी खिडकी ज्यांनी बघितलीय त्यांना हे दुखणं माहीत आहे. व्हीसीडीत तर एका सीडीवर तासाभराच्या वर सिनेमा बसवायचा म्हणून दुरुस्तीचा एक थर मुद्दाम काढलेला असतो, सेक्टरमध्ये २०४८ च्या जागी २३२४ बाइट भरतात. त्यामुळं तुमच्याकडं व्हीसीडी असतील तर डीव्हीडीच्या आधी त्यांचा नंबर लावा.

मग खराब डिस्कची कॉपी काढायची कशी? कॉपी-पेस्ट नाही, अख्ख्या डिस्कची प्रतिमा घ्यायची, तिला आयएसओ फाइल म्हणतात, पहिल्या सेक्टरपासनं शेवटच्यापर्यंत जसंच्या तसं. धड डिस्कला कुठलंही साधं सॉफ्टवेअर चालतं. आजारी डिस्कला मी डीडीरेस्क्यू वापरतो, फुकट आहे, लिनक्सवर चालतं, आणि त्याची अक्कल मला फार आवडते. ते पहिल्या फेरीत जे सहज वाचता येतं ते सगळं उचलतं, अवघड जागेवर अडून न बसता पुढं उडी मारतं, आणि कुठं काय राहिलं त्याचा नकाशा एका फाइलमध्ये लिहून ठेवतं. मग परत येऊन राहिलेल्या जागा बारीक बारीक तुकड्यांत वाचायचा प्रयत्न करतं. मधे लाइट गेली तरी नकाशा असतो, जिथं थांबलं तिथनं पुढं सुरू. आणि तीच डिस्क, तोच नकाशा घेऊन दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घाला, कारण प्रत्येक ड्राइव्हचा लेझर थोडा वेगळा, एकाला न दिसलेलं दुसऱ्याला दिसतं. ड्राइव्हचा वेग कमी करता आला तर तोही करून बघा.

बऱ्याच जणांचा एक गैरसमज असतो, हँडब्रेकसारख्या सॉफ्टवेअरनं डीव्हीडीची एमपी४ फाइल केली की बॅकअप झाला. ती फाइल मोबाइलवर बघायला छान, पण ती करताना चित्र नव्यानं दाबलं जातं, बारकावे कायमचे जातात. आधी आयएसओ ठेवा, एमपी४ त्यातनं केव्हाही काढता येते. जागेची काळजी नको, ४.७ जीबीची भरलेली डिस्क कॉम्प्युटरवर ४.३७ जीबी दिसते, म्हणून घाबरूही नका, काही गळालेलं नसतं, कॉम्प्युटर १०२४ च्या हिशोबानं मोजतो एवढंच.

विकतच्या सिनेमाच्या बऱ्याच डीव्हीड्यांना सीएसएस नावाचं कुलूप असतं. त्याची किल्ली फक्त ४० बिटांची, १९९९ मध्येच ते फुटलं, आणि अशा डिस्कमधल्या फाइली नुसत्या कॉपी केल्या तर रंगीबेरंगी कचरा दिसतो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं ५२ वं कलम खासगी वापरासाठी काही मोकळीक देतं, तर २०१२ च्या दुरुस्तीत आलेलं ६५-अ कलम हक्क डावलायच्या हेतूनं कुलूप तोडणं गुन्हा धरतं. कॉपी काढून विकणं, वाटणं हे तर सरळ चोरीच. घरच्या लग्नाच्या डिस्कला ना कुलूप ना कायद्याची अडचण, म्हणून सुरुवात तिथनं करा.

हे मी एवढं पोटतिडकीनं सांगतोय त्याला कोल्हापूरचंही कारण आहे. बाबूराव पेंटरांनी इथं महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली, प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये इथंच सुरू झाली, आणि तरी त्या काळातले बहुतेक मूकपट आज कुणालाच बघायला मिळत नाहीत. इथलाच जयप्रभा स्टुडिओ १९४८ च्या दंगलीत जळाला. तेव्हा एका सिनेमाची दुसरी प्रत करायची म्हणजे फिल्मची रिळं, रसायनं, भलामोठा खर्च. आज तेच काम वीस मिनिटांचं आहे.

मामाच्या डिस्कला मात्र तीन रात्री लागल्या. पहिल्या ड्राइव्हनं बऱ्याच जागा सोडल्या, दुसऱ्या जुन्या ड्राइव्हनं त्यातल्या जवळपास सगळ्या वाचल्या, शेवटी एकच ठोकळा राहिला, १६ सेक्टर, ३२ केबी. एवढा तुकडा म्हणजे खरं तर सेकंदाचा विसावा-पंचविसावा भाग, पण डीव्हीडीत प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाहीत, एक पूर्ण आणि पुढच्या डझनभर फ्रेममध्ये फक्त बदल, त्यामुळं एक बिघडली की पुढची पूर्ण फ्रेम येईपर्यंत डाग पसरतो, अर्ध्या सेकंदाच्या आसपास. तो डाग नेमका हळदीच्या वेळी येतो. आजी मामाच्या गालाला हात लावते, चित्र चौकोनी होतं आणि पुढच्या क्षणी ती परत हसताना दिसते. मामानं तेवढा भाग चार वेळा मागं घेऊन बघितला. आयएसओची एक प्रत आता त्याच्याकडं वरच्या मजल्यावर आहे, दुसरी आत्याकडं कागलला, आणि पेटीतल्या बाकीच्या सीड्या मी रविवारी घेऊन जाणार आहे, व्हीसीडी आधी.