3 मिनिटं, 45 मिनिटं आणि 30 अक्षरं: घरच्या म्युझिक सर्व्हरमागची जुनी भानगड

नाशिकमधल्या गंगापूर रोडच्या आमच्या फ्लॅटमध्ये जुन्या लॅपटॉपवर नेव्हिड्रोम नावाचं सॉफ्टवेअर टाकून गाण्यांचा सर्व्हर चालू केला, ते काम एका संध्याकाळी झालं. पण बाबांच्या कॅसेट त्यात चढवता चढवता अख्खा पावसाळा गेला, आणि तेव्हा कळलं की गाणं माध्यमाच्या मापात न मावण्याचा हा घोळ काही आजचा नाहीये, शंभर वर्षं मागून चालत आलाय.

1902 मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गाइसबर्गनं कोलकात्यात गायिका गौहर जानचं गाणं रेकॉर्ड केलं. तेव्हाच्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम 3 मिनिटं मावायची, म्हणजे तासभर रंगणारा ख्याल तेवढ्यात उरकायचा. आपल्या नाशिकचेच गायक द. वि. पलुसकर, जन्म 1921 चा, 1955 मध्ये गेले सुद्धा, त्यांच्या 78 च्या (मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या) तबकड्या ऐका, त्या तीन मिनिटांत कुठेही घाई वाटत नाही. (हे माझं मत, भांडायला या.)

मग कॅसेट. फिलिप्सनं आणली 1963 मध्ये, पण आपल्या घराघरात शिरली ती 80 च्या दशकात, टी-सीरिजनं भाव पाडल्यावर. सी-90 म्हणजे एका बाजूला 45 मिनिटं. बाबा शनिवारी रात्री आकाशवाणीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम टेप करायचे, आणि द्रुत, म्हणजे शेवटचा जलद भाग, रंगात आलं की नेमकी साइड ए संपायची! कॅसेट उलटी करून परत बटण दाबेपर्यंत जे गेलं ते गेलं. एका यमनमध्ये तर मागे कुकरची शिट्टी आहे, चांगली स्पष्ट, ती मी काढली नाही.

1982 ला सीडी आली. सेकंदाला आवाजाचे 44,100 नमुने, एका सीडीत साधारण 650 एमबी, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीच्या पीसीची हार्डडिस्कही तेवढ्यात भरून जायची. म्हणून एमपी3. जर्मनीच्या फ्राउनहोफर या संशोधन संस्थेवाल्यांनी, कानाला जे तसंही ऐकू येत नाही ते टाकून देऊन, 128 केबीपीएसला फाइल अकरा पटीनं लहान केली, .एमपी3 हे शेपूट जुलै 1995 मध्ये ठरलं. खरी गोम मात्र पुढच्या वर्षीची. फाइलच्या शेवटी 128 बाइटची एक चिठ्ठी डकवली, आयडी3 टॅग: गाण्याचं नाव 30 अक्षरं, कलाकार 30, अल्बम 30, वर्ष 4. रागाला जागाच नाही, तालाला नाही, बंदिशीला तर नाहीच, आणि देवनागरी लिहायची सोयही नाही. ज्यांनी केलं त्यांच्या डोक्यात तीन-चार मिनिटांची पॉप गाणी होती, त्यांचं काय चुकलं म्हणा. युनिकोड नंतरच्या टॅगमध्ये आलं, पण तोवर फुटपाथवर मिळणाऱ्या दीडशे गाण्यांच्या सीड्यांनी स्पेलिंगची पार वाट लावलेली होती. माझ्या सर्व्हरवर पलुसकर, पलुस्कर, डी. व्ही. आणि ‘पंडितजी’ असे चार वेगवेगळे गायक दिसायचे, माणूस एकच!

2001 मध्ये फ्लॅक हा नवा फाइल प्रकार आला, आकार निम्म्याच्या आसपास आणि आवाजात काडीची काटछाट नाही. वर राग, ताल असे रकाने आपले आपण जोडता येतात, मी त्यासाठीच सगळं फ्लॅकमध्ये केलं. त्याच वर्षी स्लिम डिव्हायसेस कंपनीचा छोटा डबा निघाला, कॉम्प्युटरवरची गाणी नेटवर्कवरून हॉलमधल्या अँप्लिफायरवर वाजवणारा. घरगुती स्ट्रीमिंगच्या सुरुवातीच्या डब्यांपैकी हा एक. ती कंपनी 2006 मध्ये लॉजिटेकनं घेतली, 2012 मध्ये ते डबे बंद पडले, त्यांचं सर्व्हर सॉफ्टवेअर अजून लिरियन नावानं चालतंय. 2012 मध्येच रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा स्वस्त कॉम्प्युटर आला आणि लोकांनी डबे घरीच करायला घेतले. 2016 चं जिओ, 2019 ला भारतात आलेलं स्पॉटिफाय, हे सगळं माहितीच आहे, त्यावर बाबांची कॅसेट थोडीच मिळणारे.

तो कुकरवाला यमन कोणी गायलाय ते बाबांना आता आठवत नाही. कव्हरवर निळ्या पेनानं एवढंच आहे, ‘यमन, शनिवार’. रकाना रिकामा ठेवला तर सर्व्हर गाणं ‘अननोन’मध्ये ढकलतो, म्हणून सध्या आमच्याकडे शनिवार नावाचा एक गायक आहे.