झोपलेला लॅपटॉप उठत का नाही? थोडी पार्श्वभूमी

झाकण उघडलं, पंखा फिरतोय, स्क्रीन मात्र काळीठिक्कर. कॅप्स लॉक दाबून बघायचं, त्याचा दिवा लागला तर मशीन जिवंत आहे आणि फक्त डिस्प्ले गेलाय, नाही लागला तर पॉवरचं बटण दाबून धरण्याशिवाय इलाज नाही. आणि गोची इथेच आहे, कारण बटण दाबलं की रॅममधलं सगळं साफ, म्हणजे पुरावाच गेला. लॉग, म्हणजे काय काय घडलं त्याची नोंद, डिस्कवर लिहून ठेवावी म्हटलं तर डिस्कचा ड्रायव्हरच (तिला चालवणारा प्रोग्रॅम) अजून उठलेला नसतो!

आधी ही ड्रायव्हर लिहिणाऱ्यांची डोकेदुखी नव्हतीच फारशी. 1992 मध्ये इंटेल आणि मायक्रोसॉफ्टने एपीएम हे वीज सांभाळायचं मानक आणलं, त्यात झोपवायचं-उठवायचं बरंचसं काम बायोसच (मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्रॅम) करायचा, आणि बायोसमध्येच घोळ असला तर तुमचं नशीब. मग डिसेंबर 1996 मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबाने त्याच्या जागी एसीपीआय हे नवं मानक आणलं आणि कारभार ऑपरेटिंग सिस्टीमच्या हातात आला. त्यातली एस-3 झोप म्हणजे रॅमला तेवढी वीज चालू, बाकी जवळजवळ सगळं बंद. म्हणजे ग्राफिक्स, नेटवर्क, यूएसबी, प्रत्येकाने झोपायच्या आधी आपलं सामान बांधून ठेवायचं आणि उठल्यावर जिथल्या तिथे परत मांडायचं, तेही क्रमाने, डिव्हाइस ज्या बसवर (जोडणीच्या मार्गावर) असतं ती बस आधी उठणार, मग ते डिव्हाइस. एकाने जरी गडबड केली तरी अख्खं मशीन अडकतं.

लिनक्सवाल्यांना ग्राफिक्सने सगळ्यात जास्त छळलं. बूट होताना कार्ड चालू करायचं काम व्हिडिओ बायोस (ग्राफिक्स कार्डाचा स्वतःचा बायोस) करतो, पण एस-3 मधून उठताना ते होईलच याची काही खात्री नाही, मग लोक व्हीबीई-टूलसारख्या जुगाडाने तोच कोड परत चालवून बघायचे. 2009 मध्ये लिनक्सच्या 2.6.29 कर्नलमध्ये (सिस्टीमच्या गाभ्यात) इंटेल ग्राफिक्ससाठी मोड सेटिंग, म्हणजे स्क्रीनचं रिझोल्यूशन वगैरे लावायचं काम, कर्नलमध्येच आलं तेव्हा कुठे जरा हायसं वाटलं.

पण माझ्या मते या सगळ्यातली भारी गोष्ट 2006 ची, लिनक्सचा जनक लिनस टॉरव्हाल्ड्सची पीएम ट्रेस, उठताना मशीन कुठे अडकलं ते शोधायची युक्ती. प्रश्न साधा होता, मशीन मेल्यावरही टिकेल अशी चिठ्ठी ठेवायची कुठे? मदरबोर्डवरच्या घड्याळात! त्याला स्वतःचा बटण-सेल असतो, त्यामुळे पॉवर गेली तरी ते चालूच. म्हणून उठताना प्रत्येक टप्प्यावर कोडची फाइल-ओळ आणि डिव्हाइस यांचा हॅश (नावावरून काढलेला छोटा आकडा) काढून तो तारीख-वेळ म्हणून घड्याळात लिहायचा. हिशोब बघा, 100 वर्षं, 12 महिने, 28 दिवस (फेब्रुवारीची सोय!), 24 तास आणि तासाचे तीन-तीन मिनिटांचे 20 तुकडे, गुणाकार 1,61,28,000. आणि साठवायचे आकडे 16 (एक जादा छोटा आकडा) गुणिले 997 (फाइल-ओळ) गुणिले 1009 (डिव्हाइस), म्हणजे 1,60,95,568. कसंबसं पण बसतं! तुकडा तीन मिनिटांचा का, तर घड्याळ पुढे सरकतच असतं, तेवढ्या वेळात तुम्ही रीबूट करायचं. मग बूट लॉगमध्ये मॅजिक नंबर (घड्याळातून परत वाचलेला तो आकडा) आणि कुठल्या डिव्हाइसशी हॅश जुळला ते येतं. एकाच हॅशला दोन डिव्हाइस जुळू शकतात, त्यामुळे पहिलं नाव दिसलं की लगेच त्याच्या ड्रायव्हरवाल्याला शिव्या घालायच्या नाहीत. आणि हो, घड्याळाची पार वाट लागते, फाइलींवर भलत्याच तारखा पडतात, ते नंतर निस्तरत बसायचं.

2008 च्या 2.6.25 कर्नलमध्ये पीएम टेस्ट आलं. हे अख्खं न झोपवता पायरीपायरीने तपासायचं: फ्रीझर (चालू प्रोग्रॅम गोठवणं), डिव्हायसेस, प्लॅटफॉर्म, प्रोसेसर्स, कोर. ठरवलेल्या पायरीपर्यंत जायचं, पाच सेकंद थांबायचं, परत यायचं. फ्रीझर पास आणि डिव्हायसेसला लटकलं तर दोष ड्रायव्हरमध्येच, मग एकेक मॉड्यूल (कर्नलमधून काढता येणारा ड्रायव्हर) काढून परत करून बघायचं, कंटाळवाणं आहे पण सापडतं. जोडीला आरटीसी-वेक (घड्याळाचा गजर लावून मशीन उठवणारा प्रोग्रॅम) लूपमध्ये लावून रात्रभर झोपव-उठव करत बसवायचं, कारण काही बग शंभरात एकदाच तोंड दाखवतात. विंडोजवाल्यांकडे यासाठी पॉवरटेस्ट (PwrTest) आहे, आणि ड्रायव्हरने पॉवरची रिक्वेस्ट वेळेत पूर्ण केली नाही की 0x9F ची निळी स्क्रीन येते. म्हणजे तिकडे निदान मरताना डम्प (मेमरीची प्रत) तरी ठेवून जातं.

आता भानगड वेगळीच झालीये. 2012 मध्ये विंडोज 8 सोबत कनेक्टेड स्टँडबाय आलं, 2013 मध्ये लिनक्स 3.9 मध्ये फ्रीझ स्टेट आली, दोन्हींत मशीन बंद न होता नुसतं सुस्त पडून राहतं, आणि आज कित्येक नव्या लॅपटॉपमध्ये एस-3 मिळतच नाही. हल्लीचं मशीन उठतं झटकन, पण मुळात झोपलेलंच नसतं. एखादं डिव्हाइस जागं राहिलं की प्रोसेसर खोल झोपेत जात नाही, माझा लॅपटॉप असाच एकदा बॅगेत इतका तापला होता की हात लावून दचकलो. त्यामुळे आता क्रॅश शोधायचा नसतो, काउंटर बघायचा असतो. इंटेल मशीनवर डीबग-एफएसमध्ये (कर्नलची आतली माहिती दाखवणाऱ्या फाइलींत) एसएलपी एस-0 रेसिडेन्सीचा, म्हणजे मशीन खोल झोपेत किती वेळ होतं त्याचा, आकडा असतो, रात्री झाकण लावायच्या आधी एकदा बघायचा आणि सकाळी परत. जागचा हलला नसेल, तर लॅपटॉप रात्रभर डोळे मिटून जागाच होता.