नकली रक्ताची खरी शिसारी

जॉन कार्पेंटर यांच्या १९८२ सालच्या ‘द थिंग’ या भयपटात माणसाचे हुबेहूब रूप घेणारा परग्रहावरचा जीव आहे. त्यात एक डॉक्टर बेशुद्ध सहकाऱ्याला विजेचा झटका देण्यासाठी त्याच्या छातीवर उपकरण टेकवतो, तोच ती छाती जबड्यासारखी उघडते आणि डॉक्टरचे दोन्ही हात तोडून टाकते. या दृश्यासाठी दोन्ही हात नसलेल्या एका व्यक्तीला कृत्रिम हात बसवले होते आणि त्यांत मेणाची हाडे व रबरी शिरा भरल्या होत्या. हे घडवणारे रॉब बॉटिन तेव्हा जेमतेम विशीत होते. हे सारे ठाऊक असूनही पाहणाऱ्याच्या पोटात ढवळते, आणि तरीही तोच प्रेक्षक ते दृश्य पुन्हा पाहतो.

रक्ताचेच आकर्षण असते, तर खरे रक्त अधिक आवडायला हवे होते. जोनाथन हाइट, क्लार्क मॅकॉली आणि पॉल रोझिन या मानसशास्त्रज्ञांनी नव्वदच्या दशकात विद्यार्थ्यांना कत्तलखाना, शस्त्रक्रिया अशा खऱ्या घटनांचे चित्रण दाखवले, तेव्हा बहुतेकांनी ते अर्ध्यावरच बंद केले. आपल्यासमोर आहे ते रचलेले आहे, ही जाणीवच भयपटातला रक्तपात सुसह्य करते, असा निष्कर्ष मॅकॉली यांनी यावरून काढला, आणि तो मला पटतो.

शरीराला मात्र ही जाणीव पुरती पोहोचत नाही. फाटलेली त्वचा, उघडी आतडी, चिकट स्राव यांची किळस आपल्याला संसर्गापासून दूर ठेवण्यासाठी उत्क्रांत झाली असावी, आणि ती विचार करण्याआधीच उमटते. भीतीने हृदयाचे ठोके वाढतात. रक्त आणि जखमा पाहून मात्र काहींचे ठोके व रक्तदाब अचानक घसरतात आणि भोवळ येते. भीती धोक्यावर नजर खिळवते, तर किळस नजर वळवायला लावते, म्हणून प्रेक्षक डोळे झाकतो आणि बोटांच्या फटीतून पाहतच राहतो.

माध्यमांचा मनावरील परिणाम अभ्यासणारे संशोधक डॉल्फ झिलमन यांच्या मते भीतीने चेतवलेले शरीर लगेच शांत होत नाही, आणि ती उरलेली उत्तेजना नंतर येणाऱ्या सुटकेच्या आनंदाला धार आणते. पण ‘द थिंग’ संपतो तेव्हा सुटका होतच नाही. उरलेल्या दोघांपैकी माणूस कोण, हेही कळत नाही. अशा चित्रपटांना रोझिन यांनी २०१३ साली मांडलेली कल्पना अधिक लागू पडते. शरीर धोक्याची सूचना देत असताना ती खोटी असल्याचे मनाला उमगणे, यातच एक सुख असते, असे ते म्हणतात. त्या सुखाला मर्यादाही आहे. डेन्मार्कमधील संशोधकांनी एका भीतिगृहात, म्हणजे पैसे देऊन घाबरायला जाण्याच्या ठिकाणी, आलेल्या लोकांच्या हृदयाचे ठोके मोजून २०२० साली दाखवले की, भीती फार कमी असली तरी मजा कमी होते आणि फार वाढली तरीही.

ही मात्रा प्रेक्षकाच्या हाती दिली ती व्हिडिओ कॅसेटने. चित्रपटगृहात अपयशी ठरलेल्या ‘द थिंग’ला पुढे घरोघरच्या पडद्यांवर चाहते मिळाले. ब्रिटनमध्ये अशा कॅसेटवरून इतका गहजब झाला की १९८४ साली प्रमाणपत्राशिवाय त्या विकण्यावर बंदी घालणारा कायदाच आला. बंदीमुळे कुतूहल वाढले असेल, परंतु त्या चित्रपटांचे आजवरचे प्रेम केवळ बंदीतून आलेले नाही, असे मला ठामपणे वाटते. कॅसेट थांबवता येत होती, मागे नेता येत होती. तीच उद्दीपना वारंवार मिळाली की मेंदू तिला सरावतो आणि धक्का बोथट होतो. मग लक्ष जाते ते फोम लेटेक्स या मऊ, स्पंजासारख्या रबराच्या सुरकुत्यांकडे, मक्याच्या पाकात रंग कालवून केलेल्या रक्ताच्या घट्टपणाकडे, आणि पडद्याबाहेर तारा ओढत बसलेल्या कारागिरांच्या हातांकडे. त्या वस्तू कॅमेऱ्यासमोर खरोखर होत्या, त्यांना वजन होते, त्यांच्यावर दिव्यांचा खरा प्रकाश पडत होता. म्हणूनच भीती ओसरल्यावरही त्या दृश्यात पाहण्याजोगे बरेच काही उरते.