लकवा गार वाऱ्याने होत नाही

गार वारं लागलं की लकवा मारतो आणि गरम तेलाने चोळलं की उतरतो, हा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. त्यापायी उपचाराचे मोलाचे तास हातचे जातात, म्हणून स्पष्टच लिहितो.

बिघाड हातापायांत नसतो, मेंदूत असतो. बहुतेक वेळा मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते, काही वेळा रक्तवाहिनी फुटते. डाव्या मेंदूला इजा झाली की उजवी बाजू लुळी पडते, अनेकदा बोलणंही जातं. मुळाशी बहुधा वाढलेला रक्तदाब, मधुमेह, तंबाखू किंवा हृदयाचे अनियमित ठोके असतात.

तोंड अचानक वाकडं झालं, हात उचलेना, शब्द अडखळले, तर थेट सीटी स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय गाठा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देतात. मोठी गुठळी निवडक रुग्णांत 24 तासांपर्यंत नळी घालून काढता येते. घरी अ‍ॅस्पिरिन देऊ नका. आत रक्तस्राव असेल तर तो वाढेल. पाणीही पाजू नका, गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात जातं.

आणि मालिश? त्याने बरं वाटेल, पण गेलेली ताकद परत येत नाही. ती येते फिजिओथेरपीने: पेला धरणं, उठून उभं राहणं, तीच हालचाल रोज, पुन्हा पुन्हा. सुरुवातीचे महिने सर्वांत महत्त्वाचे, पण सुधारणा नंतरही होते. एक चूक मात्र घरोघरी होते. रुग्णाला लुळ्या हाताला धरून ओढत उठवतात. स्नायू सैल पडलेले असल्याने खांदा निसटतो आणि त्या दुखण्यापायी व्यायामच थांबतो. आधार पाठीला आणि कमरेला द्या.