काळ्या डायल फोनची घडण

जुना काळा फोन उचलला की आधी जाणवतं ते त्याचं वजन. त्याचं कारण मालकीत आहे. फोन घरात असला तरी उपकरण आपल्याकडे टेलिफोन खात्याचं, ब्रिटनमध्ये पोस्ट ऑफिसचं आणि अमेरिकेत बेल कंपनीचं असे. ग्राहक भाडं भरायचा, बिघाड झाला की दुरुस्ती मालकाच्या गळ्यात. सारखा लाइनमन पाठवणं परवडणारं नव्हतं, म्हणून फोन वर्षानुवर्षं टिकेल असाच बनवला जाई. घरगुती वापराच्या वस्तूंत इतकं दणकट काम मला दुसरीकडे क्वचितच दिसलं आहे.

तो ओळखीचा आकार आला नॉर्वेतून. आधीच्या अनेक फोनमध्ये घंटी वेगळ्या पेटीत भिंतीवर असायची. १९३०च्या सुमारास ओस्लोत चित्रकार जाँ हाइबर्ग यांनी एरिक्सन या स्वीडिश फोन कंपनीसाठी बेकेलाइटचं, म्हणजे सुरुवातीच्या कडक प्लास्टिकचं, एकसंध कवच आखलं आणि घंटी त्याच्या पोटात गेली. ब्रिटिश पोस्ट ऑफिसने १९३७मध्ये ‘३००’ नावाची फोनची मालिका आणली ती याच वळणाची. त्याच वर्षी अमेरिकेत डिझायनर हेन्री ड्रेफस यांचा ‘३०२’ हा फोन आला. आपल्याकडे १९४८मध्ये बंगळूरला इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज उभी राहिली आणि काळे फोन देशातच बनू लागले. मुंबईत एक्स्चेंज, म्हणजे फोनच्या लाइनी एकमेकींना जोडून देणारं केंद्र, मात्र १८८२पासूनच होतं.

खरी गंमत डायलमध्ये आहे. बोट घालून डायल फिरवताना एक्स्चेंजला काहीच कळत नाही, तेव्हा फक्त आतली स्प्रिंग ताणली जाते. बोट सोडल्यावर डायल परत येतो आणि त्या वाटेवर लाइन तुटते, जुळते, तुटते. पाचला पाच वेळा, शून्याला दहा वेळा. लाइनची ही प्रत्येक तूट म्हणजे एक्स्चेंजसाठी एक ठोका. सेकंदाला साधारण दहा ठोके हा वेग आतला छोटा गव्हर्नर सांभाळतो, म्हणून तर परतताना ती एकसुरी घरघर ऐकू येते. कॅन्सस सिटीतल्या आल्मन स्ट्राउजर या अंत्यविधीच्या व्यावसायिकाला १८९१मध्ये स्वयंचलित एक्स्चेंजचं पेटंट मिळालं होतं. त्या धर्तीच्या एक्स्चेंजमधले सिलेक्टर, म्हणजे हवी ती लाइन निवडणारे स्विच, या ठोक्यांवर पायरी-पायरीने सरकत.

पोरांनी परस्पर फोन लावू नयेत म्हणून आपल्याकडे एकच्या भोकात छोटं कुलूप घालत. पण लाइन तोडायला डायलच लागतो असं थोडंच आहे! रिसीव्हर ठेवायची खटकी त्याच गतीने दाबली, आकड्यागणिक थोडं थांबलं, की कुलूप तसंच राहून नंबर लागायचा. हे ज्या पोरांना साधलं, त्यांना स्ट्राउजरचं अख्खं तत्त्व कळलं होतं असं मी मानतो.

आवाज खरखरू लागला की रिसीव्हर तळहातावर आपटायची सवयही अडाणीपणाची नव्हती. माइकमध्ये कार्बनचे कण असत, ते दाटून बसले की हलवून मोकळे करावे लागत. शिवाय वीज एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांतून लाइनवरूनच येई. घरातले दिवे गेले तरी फोन चालू!

पुढे बटणांचे फोन आले, एक्स्चेंज डिजिटल झाली. त्यांतल्या अनेकांना जुने ठोके कळत, म्हणून काळे फोन चालत राहिले. आता फायबरच्या मोडेमला असा फोन जोडला तर घंटी बहुधा वाजते, समोरच्याचं बोलणंही ऐकू येतं, पण डायल फिरवून नंबर बऱ्याचदा लागत नाही. अशा मोडेमला ठोके कळत नाहीत, बटणांच्या फोनचे टोन (सूर) तेवढे कळतात. त्यासाठी मध्ये ठोक्यांचे टोन करून देणारा कन्व्हर्टर लावावा लागतो.