नेगेव्हमधील पागोळ शेती: उतारावरच्या पाण्यावर वाढणारी झाडे

इस्राएलच्या दक्षिणेकडील नेगेव्ह वाळवंटात, अवदात या प्राचीन नगराच्या परिसरात, वर्षाकाठी जेमतेम 100 मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही हिवाळ्यातल्या मोजक्या सरींतून. एवढ्यावर फळझाड जगत नाही. तरीही तेथील कोरड्या ओढ्यांत दगडी बांध घालून पायऱ्यापायऱ्यांनी केलेली जुनी शेते आणि द्राक्षरस काढण्याची कुंडे आजही दिसतात. व्यापारी नबातियन लोकांनी वसवलेल्या या प्रदेशात बायझंटाइन म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या काळात शेतीचा मोठा विस्तार झाला होता.

पूर्वी येथे पाऊस अधिक पडत असावा, असे काही अभ्यासकांनी मानले होते. वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाएल एव्हेनारी, लेस्ली शानान आणि नफ्ताली तदमोर यांनी मात्र 1950 च्या दशकाच्या अखेरीस शिवता व अवदात येथील जुनी शेते पुन्हा उभी केली आणि आजच्याच पावसावर तेथे बदाम, जर्दाळू, पिस्ते व द्राक्षे पिकवून दाखवली.

उतारावरून वाहून आलेल्या पाण्यावर पीक घेण्याच्या या पागोळ शेतीचे मर्म मातीत आहे. वाऱ्याने आणून टाकलेली तेथील बारीक माती पहिल्या सरीतच वरून लिंपल्यासारखी बंद होते आणि पुढचे पाणी उतारावरून वाहू लागते. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ हे ब्रीद अंगवळणी पडलेल्या आपल्या वाचकाला हे उलटे वाटेल, पण तेथील शेतकऱ्याला डोंगरावर पाणी जिरू द्यायचेच नव्हते. एका हेक्टर शेतासाठी वीस-तीस हेक्टर उताराचे पाणी पाटांनी खाली आणून त्याला ते फक्त शेतात मुरवायचे होते. असे केले, की पिकाला 300 ते 500 मिलिमीटर पावसाइतकी ओल मिळे. उतारांवरील दगडांचे असंख्य ढीग पाणी अधिक वाहावे म्हणून रचले गेले, असे एव्हेनारींचे मत होते, मात्र त्यावर अभ्यासकांचे एकमत नाही.

पाणी जितके लांबून येते तितके वाटेत अधिक जिरते, हे मोजमापांतून लक्षात आल्यावर एकेका झाडापुरते छोटे वाफे करण्याकडे लक्ष वळले. पत्त्यांतल्या चौकटीच्या आकाराच्या या वाफ्याभोवती मातीचा बुटका बांध असतो आणि सर्वांत खालच्या कोपऱ्यातल्या खड्ड्यात एकच झाड लावलेले असते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या 1991 मधील मार्गदर्शिकेत ही रीत वर्षाला 150 मिलिमीटर पावसाच्या प्रदेशासाठीही सुचवली आहे, मात्र माती किमान दीड मीटर खोल हवी, कारण पावसाळ्यातली ओल झाडाला पुढचा सारा कोरडा काळ पुरवावी लागते.